माफ न करणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई कुणालाही माफ करत नसत, आणि हे त्या पहिल्या भेटीतच सांगून टाकत. मी संस्थेत नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "समाजकार्याची पदवी. छान. दयाबिया शिकवली असेल तर ती बाहेर चपलांपाशी ठेव. इथे तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला काम लावून द्यायचं असतं."

मला राग आला. बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या खलाशाची, म्हणजे मदतनीस कामगाराची, मुलगी मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्याबद्दल कुणी असं बोललेलं मी खपवून घेत नाही. पण महिन्याभरात कळलं, की या बाईंना बोलायचा हक्क आहे.

आमच्या समितीत चार ठिकाणची माणसं होती: तुरुंगातले कल्याण अधिकारी, पोलीस ठाण्यातले एक जमादार, मकरपुऱ्याचे काही कारखानदार आणि आमची छोटी संस्था. माणूस सुटायच्या महिनाभर आधी त्याचं काम ठरवायचं आणि सुटेल त्या सकाळी त्याला फाटकावरून थेट कामावर न्यायचं. "एक रिकामा दिवस माणसाला परत आत नेतो," कुंदाताई म्हणत. एखादा कारखानदार 'विचार करून कळवतो' म्हणाला, की त्या त्याच्या दारासमोर घडीची खुर्ची टाकून मटार सोलत बसत. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं तर मोठ्यानं सांगत, "शेठ विचार करतायत. त्यांचं होईस्तोवर बसलेय." कल्याण अधिकारी हसून गुजरातीत म्हणायचे, "कुंदाबेन, तमे तो भारे छो." दुपारपर्यंत शेठचा विचार झालेला असे.

हा सगळा उद्योग सुडातून उभा राहिला होता. त्यांचा धाकटा भाऊ रमेश टर्नर होता. एका मारामारीत दोन वर्षं आत गेला, सुटला आणि दिनकररावांच्या कारखान्यात काम मागायला गेला. दिनकरराव आपल्यातलेच, बडोद्याच्या जुन्या मराठी घरातले, गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी नाही म्हटलं नाही. 'उद्या ये' म्हटलं. असं सलग नऊ दिवस. रमेश रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि फाटकावरून परत यायचा. दहाव्या दिवशी त्यानं त्याच कारखान्यातली तांब्याची तार चोरली, परत आत गेला आणि तिथेच काविळीनं गेला.

"नाही म्हटलं असतं तर तो दुसरीकडे गेला असता," एवढंच कुंदाताई म्हणत. ते ऐकण्यापेक्षा त्यांनी शिवी दिलेली परवडली असती.

गेल्या उन्हाळ्यात तेच दिनकरराव आमच्या ऑफिसात आले. कारखाना केव्हाच विकला होता. मुलानं, निखिलनं, दारूच्या नशेत गाडी चालवून एकाचा जीव घेतला होता आणि शिक्षा भोगून तो नुकताच सुटला होता. अब्रूपायी बापानं त्याचं नाव आधी आमच्याकडे दिलंच नव्हतं. आता काम कुणी देत नव्हतं, आणि जुने मित्र रोज संध्याकाळी दाराशी हॉर्न वाजवत होते. "ताई, असाच रिकामा राहिला तर पुन्हा बाटली धरेल," असं म्हणत त्यांनी हात जोडले.

कुंदाताईंनी निखिलचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, "उद्या या."

ते आले. पुन्हा उद्या. पुन्हा उद्या. बाहेरच्या बाकावर घाम पुसत बसायचे. सांगायचे, की पोरगा सकाळीच कुठेतरी निघून जातो, विचारलं तर बोलत नाही. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, तुमच्या सुडात तो पोरगा फुकट जाईल."

"पोरगा पहिल्या दिवसापासून करजणच्या एका कारखान्यात कामावर आहे," त्या म्हणाल्या. "जमादार स्वतः सोडून आला. घरी सांगायचं नाही, असं मीच बजावलंय. मुलाची शिक्षा भोगून झाली. बापाची आता कुठे सुरू झालीय."

हे समितीच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. तरी मी दिनकररावांना काही कळू दिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. माझ्या बापाला असंच ताटकळत ठेवणारे साहेब मी लहानपणी पाहिलेत.

दहाव्या दिवशी त्यांनी दिनकररावांना सगळं सांगितलं. ते रडले, पाया पडायला वाकले. कुंदाताईंनी पाय मागे घेतले. "त्यापेक्षा पोराला डबा जरा मोठा द्या. अंगमेहनतीचं काम आहे."

"म्हणजे तुम्ही मला माफ केलंत ना?" त्यांनी विचारलं.

"काम लावून देणं माझ्या हातात होतं, ते केलं. माफी रमेशच्या हातात होती."

त्यानंतर सहा महिन्यांत कुंदाताई गेल्या. शेवटच्या आजारात दिनकरराव दोनदा दवाखान्यात आले. दोन्ही वेळा कुंदाताईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी बाहेर जाऊन सांगितलं, की त्या कुणाला भेटत नाहीत.

शोकसभेत बोलायला दिनकररावांनी आपलं नाव दिलं. चार पानी भाषण लिहून आणलं होतं. वक्त्यांची यादी माझ्याकडे होती. मी त्यांचं नाव खोडून तिथे निखिलचं लिहिलं. आदल्या दिवशी त्यानंच येऊन विचारलं होतं, "खरं बोललो तर चालेल ना?" मी म्हटलं, खरंच बोल.

मुलगा दोन वर्षं सिंगापूरला होता असं दिनकररावांनी सगळ्या गोतावळ्याला सांगून ठेवलं होतं, आणि तो गोतावळा हॉलभर पसरला होता. ते स्वतः पहिल्या रांगेत, भाषणाचे कागद मांडीवर घेऊन बसले होते. निखिल उभा राहिला. "मी तुरुंगातून सुटलो तेव्हा," त्यानं सुरुवात केली. पण आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू जात नव्हतं. मी उठले आणि माइक त्याच्या तोंडाशी सरकवला.