सळईचं दुसरं टोक

गरम पोळीपेक्षा गरम सळईत ज्याचा जीव जास्त रमतो असा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून आला. तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवून भाऊजी निवृत्त झाले आणि जुन्या जालन्यात आमच्या शेजारी राहायला आले. विज्ञान मात्र निवृत्त झालं नाही. बाकीचे लोक भंगारवाल्याला सामान देतात, हे त्याच्याकडून लोखंडाचे, पितळेचे, तांब्याचे तुकडे घेऊन येतात. सळईचं एक टोक गॅसवर, आणि आच दुसऱ्या टोकाला कधी पोचेल याचं गणित खडूनं ओट्याशेजारच्या फरशीवर. भाकरी कुठे थापायची, हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत येत नाही. एकदा लग्नाच्या पंगतीत भाऊजींनी वाढप्याला अडवून पळीचा दांडा वीतभर लांब का हवा ते समजावलं. तो म्हणाला, "काका, आधी वरण घ्या, मागचे लोक बोंबलून राह्यले."

दुसरं टोक धरायचं काम जाऊबाईंचं. भाऊजींचा भरवसा थर्मामीटरपेक्षा त्यांच्या बोटांवर. चटका बसला की त्या "पोचली!" म्हणायच्या आणि भाऊजी घड्याळ बघायचे. उत्तर जुळलं नाही, तर जाऊबाई उशिरा ओरडल्या असं ठरायचं.

गेल्या हिवाळ्यात मी विरजण मागायला गेले, तेव्हा तांब्याची सळई चालू होती.

"पोचली का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हणलं ना!"

भाऊजी भडकले. "तांबं भेसळीचं दिसून राह्यलं. त्या भंगारवाल्याला बघतोच आता."

जाऊबाईंच्या हातातली सळई घ्यायला मी हात लावला आणि किंचाळले. त्यांच्या बोटांवर फोड आले होते. बारा महिने गोळ्या चालू असलेल्या साखरेच्या आजारानं बोटं बधिर केली होती आणि आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

"अहो बाई, इतका वेळ झाला तरी सोडली का न्हाई?"

"मला वाटलं, ह्यांचं गणित चुकलं. मधीच सोडली असती, मंग दिवसभर जेवले नसते."

भाऊजींनी ओला फडका घेऊन फरशीवरचं गणित स्वतः पुसलं. त्यांच्या हातात फडका मी पहिल्यांदा पाहिला.

आता जाऊबाईंचा चहाचा पेला, तव्याचा दांडा, कुकरचं झाकण, सगळ्याला आधी भाऊजींचा हात लागतो. चटका बसला की म्हणतात, "पोचली. थांब जरा."

"बराबर आलं का गणित?" जाऊबाई विचारतात.

फरशी कोरी असते. बोटांवर फुंकर घालत भाऊजी म्हणतात, "बिलकुल बराबर."