दाजी आणि बारा पस्तीसचा मुहूर्त

आमच्या थोरल्या साडूंना ओळखणाऱ्या माणसांत 'आज जरा उकडतंय' असं वाक्य बेसावधपणे तोंडातून काढणारा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत आता एकही उरलेला नाही. हे वाक्य त्यांच्यापुढं कुणी उच्चारलं की ते हातातला चहाचा कप खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "उकडतंय म्हंजे नक्की काय हुतंय, म्हाईत हाय का?" आपण 'आहे' म्हणालो तर ते खात्री करून घेतात, 'नाही' म्हणालो तर समजावून सांगतात. दोन्हींना वेळ सारखाच लागतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला पाव्हणं म्हणतात. मी साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण दाजी ती सगळीकडं सांगतातच आणि वर, "पण आमच्या पाव्हण्यांचा सोभाव शांत हाय, ते कुणाला काय सांगत न्हाईत," अशी पुस्तीही जोडतात.

दाजींचं गाव विट्याच्या पलीकडं. सातवीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि चुलत्याच्या मागोमाग तमिळनाडूतल्या एका गावात गेले. तिथं गलाईच्या दुकानात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, पस्तीस वर्षं भट्टीपुढं काढली. पोरानं दुकान हाती घेतल्यावर ते गावी परतले, ते केवळ गार हवा खायला. "म्या गार हवा खायाला आलो, तर भट्टी माज्या आदीच गावात येऊन बसलेली," हे त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात जाहीर केलं. गावाला मात्र वाटलं, परमुलखात राहून आलेल्या माणसाला गावची हवा मानवत नाही एवढंच.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या गावच्या देवळात हवामानबदलाच्या जनजागृतीचा कार्यक्रम झाला. एक तरुण अधिकारी पडदा आणि यंत्र घेऊन आले होते. 'हरितगृह वायूंच्या वाढत्या उत्सर्जनामुळे वातावरणीय तापमानात होणारी वृद्धी' या विषयावर ते तासभर बोलले. सातजण हजर होते. त्यातल्या चौघांना देवळात गार लागतं म्हणून ते रोजच तिथं झोपायला येत. टाळ्या झाल्या, बिस्किटं झाली, आणि मग दाजी उठून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सायेब, बोललासा लय झ्याक. आता मराठीत सांगा." अधिकारी म्हणाले, हे मराठीच होतं. दाजींनी त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, मुक्काम करायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक शब्द फोडून घेतला. जाताना त्या अधिकाऱ्यांनी दाजींच्या पाया पडून निरोप घेतला असं आमच्या मेव्हणीबाई सांगतात. तो आदर होता की सुटकेचा आनंद, हे त्यांना नक्की सांगता येत नाही.

त्या दिवसापासून दाजींनी हे काम अंगावर घेतलं. त्यांचं सांगणं घरच्या गोधडीसारखं सोपं होतं. "जिमिनीनं एक वाकळ पांगरलीया. ती पायजेच, न्हाईतर गारठून मरू. पण आपुन धुरावर धूर सोडतोय आन् वाकळंवर वाकळ टाकतोय. आतला माणूस काय करील?" मी हाच धडा तीस वर्षं 'कारणे द्या, गुण पाच' म्हणून शिकवला. मुलांना पाचपैकी पाच गुण मिळत, आणि पुढच्या धड्याला ती सगळं विसरत. दाजींची वाकळ मात्र पारावरच्या माणसांच्या डोक्यात बसली, इतकी की ती माणसं उलटतपासणी घेऊ लागली. एकानं विचारलं, "मग त्या सांगलीकडं पूर कशानं येतोय रं? वाकळंत पानी कुठनं आलं?" दाजी म्हणाले, "वाकळंत घाम येत न्हाई व्हय?" मी घाईघाईनं मध्ये पडून गरम हवेत बाष्प जास्त मावतं, ते एकदम कोसळतं, वगैरे सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पारावरच्यांना म्हणाले, "पाव्हणं बी त्येच म्हंत्यात. बाष्प म्हंजे घामच."

त्यांच्या खांद्याला एक खादीची पिशवी असते. तिच्यात पानसुपारी, एक टॉवेल आणि एक तापमापक. हा तापमापक त्यांनी एस.टी.च्या मागच्या सीटवर लावला, पत्र्याच्या अंगणवाडीत लावला, आणि एकदा उमेदवाराच्या प्रचारसभेत मंचाच्या खांबाला लावून मध्येच उभं राहून आकडाही वाचून दाखवला. उमेदवारानं तो मतांचा अंदाज समजून नमस्कार केला. एकदा मे महिन्यात दाजी आमच्याकडं साताऱ्याला आले होते. दुपारी आम्ही दोघं बाहेर पंख्याखाली बसलो होतो आणि माझी बायको आत भाकरी थापत होती. दाजी उठले, स्वयंपाकघरात जाऊन तापमापक भिंतीला टांगून आले, आणि दहा मिनिटांनी तो आणून माझ्या हातात ठेवला. पारा बेचाळीसवर होता. "पाव्हणं, म्या भट्टीफुडं बसत हुतो, पर मला दुपारची सुट्टी हुती," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी हवा बाहेर फेकणारा पंखा आणायला गेलो. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. बायकोनं पंख्याबद्दल माझे नव्हे, दाजींचे आभार मानले.

कुठं बोलायचं आणि कुठं नाही, हा भेद दाजींनी कधी केला नाही. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला चारजणांनी चार शब्द बोलायची पद्धत आहे. गावातले एक नव्वदीचे तात्या वारले, तेव्हा दाजींच्या हातात माईक आला. तात्यांवर ते दोन मिनिटं बोलले आणि समुद्राच्या तापमानावर वीस. राख नदीत न सोडता शेतात खड्डा काढून तिच्यावर आंबा लावावा असं सुचवून त्यांनी भाषण संपवलं. तात्यांचा मुलगा डोळे पुसत माझ्या कानात म्हणाला, "तात्या असते तर उठून गेले असते." पण आंबा त्यानं लावला. तो आज माझ्या खांद्याएवढा झाला आहे.

हे सगळं मौजेचं होतं, ते सुवर्णाचं लग्न ठरेपर्यंत. सुवर्णा ही दाजींची धाकटी लेक. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. बापासारखीच स्पष्ट, पण बापापेक्षा कमी शब्दांत. उंब्रजचं स्थळ तिनं स्वतः पसंत केलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आजोबांचा. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढं, पाठ अजून ताठ. मुहूर्त निघाला मे महिन्यातला, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. कार्यालय हायवेच्या कडेचं, वर पत्रा. दाजींनी पत्रिका छापायच्या आधीच मला बरोबर घेतलं आणि उंब्रज गाठलं.

"लगीन सकाळी सातला लावू," दाजी म्हणाले.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "सातला? आन् लोकांला जेवाय काय, पोहे घालायचं?"

"दहापतूर जेवनं उरकतील. दुपारी त्या पत्र्याखाली मानूस बसत न्हाई, सुभेदारसाहेब. भाजतंय."

"पाव्हणं, आमी राजस्थानच्या बॉर्डरवर वाळूत उभं ऱ्हायलोय. बंदूक हातात धरवत न्हवती, येवढी तापायची. दोन घंटे मांडवात बसायला काय हुतंय?"

"तवा तुमी पंचवीस वर्साचं हुता," दाजी म्हणाले. "आन् तवाचं ऊन बी तवाचं हुतं."

माझ्याकडं सगळ्यांनी पाहिलं, कारण मी भूगोलाचा मास्तर. मी म्हणालो, "तसं दोन्ही बाजूंत तथ्य आहे." आयुष्यात इतकं निरुपयोगी वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. सुभेदार उठून आत गेले आणि आतून निरोप आला की मुहूर्त पटत नसेल तर स्थळही पटलं नाही असं समजावं.

त्या संध्याकाळी सुवर्णा मिरजेहून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बापाला म्हणाली, "आबा, तुमच्या हवेपायी माझं लगीन मोडू नका." दुसऱ्या दिवशी दाजींनी बारा पस्तीस मान्य असल्याचं कळवलं. त्यानंतर लग्नापर्यंत, म्हणजे तीन आठवडे, हवेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. गावातल्या लोकांना काळजी वाटली. पारावरचा एकजण घरी येऊन विचारून गेला, "तबियत बरी हाय न्हवं?"

लग्नाच्या दिवशी पहाटेच दाजी कार्यालयात हजर होते. कुणाशी न बोलता त्यांनी पाण्याचे बारा रांजण भरून घेतले, पश्चिमेच्या खिडक्यांना ओली पोती लावली, मठ्ठ्यासाठी आणलेल्या बर्फाच्या दोन लाद्या वेगळ्या काढून भुशात ठेवल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या खुर्च्या स्वतः उचलून भिंतीकडं सावलीत नेल्या. सुभेदारांनी आपली खुर्ची पुन्हा होती तिथं, स्टेजसमोर मधोमध आणवली. अंगात गळ्यापर्यंत बंद कोट, छातीवर पदकं, डोक्याला फेटा.

बारा पस्तीस झाले. लग्न लागलं नाही. एक पुढारी आशीर्वाद द्यायला येणार होते, ते दुसऱ्या लग्नात आशीर्वाद देत होते. एक वाजला. सव्वा वाजला. माईकवाला दर पाच मिनिटांनी साहेब निघाल्याचं सांगत होता. पत्रा तडतड वाजत होता, बायका पदरानं वारा घेत होत्या, लहान पोरं रडायचीसुद्धा थांबली होती. दाजी खांबाला टेकून एकटक सुभेदारांकडं बघत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "घाम येतोय त्यांना, बरे दिसतात." दाजी म्हणाले, "मगाशी येत हुता. आता थांबलाय." आणि ते धावले. ते पोचायच्या आत सुभेदार खुर्चीतून बाजूला कलंडले.

पुढचं सगळं फार पटकन घडलं. कुणी हुंगवायला कांदा मागत होतं, कुणी पाणी पाजायला तांब्या तोंडाशी नेत होतं, आणि स्टेजवरून एक आवाज आला, "पाणी पाजू नका! ठसका लागंल!" मुंडावळ्या, हिरवा चुडा, शालू, अशी सुवर्णा खाली उडी मारून आली. तिनं फेटा काढला, कोटाची बटणं तोडली, म्हणाली, "आबा, बर्फ." दाजी आधीच लादी फोडत होते. मानेला, काखेत, मांड्यांना बर्फ लावून ओली पोती अंगावर टाकली. नवरदेवानं पाय उचलून धरले. दाजी शेजारी बसून दोन्ही हातांनी टॉवेलनं वारा घालत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सुवर्णाच्या शालूचा सगळा जरीकाठ भिजून काळपट दिसू लागला.

रुग्णवाहिका बोलावली होती. ती यायच्या आधीच सुभेदारांनी डोळे उघडले. त्यांनी वर पत्र्याकडं पाहिलं, मग सुवर्णाकडं.

"लगीन लागलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग लावा की. कुनाची वाट बघताय?"

मंगलाष्टका दोनच झाल्या. सुभेदारांनी बाजेवर आडवं पडूनच अक्षता टाकल्या आणि मग रुग्णवाहिकेतून गेले. पुढारी आले तेव्हा जेवणाच्या पंगती उठत होत्या. सुभेदार चार दिवसांनी घरी आले, ठणठणीत. घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं की धाकट्या नातवाच्या लग्नाचा मुहूर्त ब्राह्मणाला बोलावून माघातल्या सकाळचा काढून ठेवला. त्या नातवाचं अजून शिक्षण चालू आहे.

सगळ्यांना वाटलं, आता दाजींना आवर घालणं अशक्य. पण झालं उलटंच. 'मी सांगत होतो' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, दुसरं कुणी म्हणालं तर उठून जात. पावसाळ्यात मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा शेताच्या बांधावर बसून म्हणाले, "पाव्हणं, लोकांला म्हाईत न्हाई म्हनून ही येळ आली, आसं मला वाटत हुतं. म्हनून म्या सांगत फिरलो. पर मला तर म्हाईत हुतं. तरी बी तीन आठवडं गप बसलो. का, तर पाव्हण्यांत वाईटपना नगं." मग म्हणाले, "सगळ्यांचं आसंच आसंल न्हवं?" मला त्यांना उंब्रजच्या बैठकीतल्या माझ्या वाक्याची आठवण करून द्यायची होती. धीर झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात सुवर्णाला मुलगी झाली. बाळंतपणाला ती माहेरी आली होती. आम्ही बाळ बघायला गेलो तेव्हा दाजी घराच्या पुढच्या सोप्यात नातीला मांडीवर घेऊन बसले होते. बाळ झोपलेलं होतं, म्हणून हळू आवाजात बोलत होते.

"ही मोठी झाली न्हवं, की इचारंल. आज्या, तुमाला म्हाईत हुतं ना? मग तुमी काय केलं? काय सांगू हिला?"

वर्गात पोरांनी विचारलेल्या प्रश्नांना मी तीस वर्षं उत्तरं दिली. या प्रश्नाला एवढंच म्हणालो, "बडबड केली म्हणून सांगा."

दाजींनी बाळाचं टोपरं सारखं केलं.

"लय केली, न्हाई?"

"लय."

त्यांचा चेहरा जरा निवळला. तेवढ्यात छपराच्या कडेनं आत आलेलं ऊन बाळाच्या कपाळावर पडलं. कोवळंच होतं, बाळाला ते चांगलंही होतं. तरी दाजी उठले, एका हातानं बाळ सावरत दुसऱ्या हातानं खुर्ची वीतभर मागं सावलीत ओढली, आणि पुन्हा बसले.