बाबांना घोर लागला तेव्हा

आमच्या घरी 'काळजी' हा शब्द कोणी वापरत नसे. तो मी पुस्तकात वाचला होता. गोंदियाला कॉलेजात आल्यावर मैत्रिणी फोन ठेवताना सहज "काळजी घे गं" म्हणायच्या, तेव्हा त्यावर काय बोलायचं ते मला सुचत नसे.

देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात रोजचा शब्द 'फिकर'. शेळी उशिरा आली, फिकर. आकाश भरून आलं आणि धान अंगणात वाळत असलं, फिकर. आई दिवसातून दहादा म्हणायची, "मले कायची फिकर?" आणि लगेच सांगून टाकायची, कायची ते. शेजारच्या काकूंना 'टेन्सन' यायचं, भाजी करपली तरी. 'घोर' मात्र जपून वापरत. घोर लागला की माणसाचा घास हातातच राहतो, असं आई म्हणायची.

बाबा यातला एकही शब्द वापरत नसत. गावच्या तलावाचं पाणी नंबराप्रमाणे शेतांना सोडायचं काम गावाने त्यांच्याकडे दिलं होतं. त्यामुळे घरात काहीही बिनसलं की ते तलावाचं बोलायचे, आणि उठून तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जायचे.

मी बारावी झाले. आमच्या घरात एवढं शिकलेलं कोणी नव्हतं. गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत माझं नाव वेटिंगवर राहिलं. गावातून पहिली बस धरली तरी पहिल्या तासाला पोचता येत नव्हतं. खोली नाही तर कॉलेज नाही, असा सरळ हिशोब होता. हातात आठ दिवस होते.

नेमके ते रोवणीचे, धानाची रोपं लावायचे दिवस. पावसाने दडी मारली होती, सगळी रोवणी तलावाच्या भरवशावर.

"अजी, पोरीच्या खोलीचं काय करता?" आई विचारायची.

"तलावाची आणखी एक पायरी उघडी पडली," बाबा म्हणायचे.

मला वाटायचं, यांना माझ्यापेक्षा तलावाचंच जास्त पडलं आहे. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं, आता लिहिताना लाज वाटते.

एका दुपारी काकूंचा नंबर होता. बाबांनी त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी सोडलं आणि पाळीवर बसले. दोन तासांनी पाणी बंद करायचं होतं. ते बसूनच राहिले. बांधी तुडुंब भरली, कडेचा धुरा फुटला आणि सकाळीच लावलेलं रोप मुळांसकट तरंगू लागलं.

दिवस कलताना काकू चिखलाच्या पायांनीच आमच्या अंगणात आल्या.

"काऊन हो भाऊजी, झोपले होते का? कंबर मोडून लावलेलं रोप तिकडं पोहून राहिलं ना!"

"चुकलं, वहिनी," बाबा म्हणाले. "ध्यानच नाही राहिलं. पोरीचा घोर लागला होता."

सुपातले तांदूळ निवडणारा आईचा हात थांबला. मी दारात उभी होते. बाबांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो माझ्यासाठी होता.

"कायचा घोर?"

"खोली नाही भेटून राहिली गोंदियाले. नाही भेटली त घरी बसंल पोरगी."

"अन् हे आता सांगता? माझी बांधी बुडवून?" काकूंचा आवाज अजून चढला. "माझी बहीण गोंदियाजवळच, मुर्रीले राहते. मागची खोली रिकामी पडून आहे तिची. सांगाचं होतं ना! घोर का पोटात ठेवाची गोष्ट आहे?"

"मी त रोज विचारत होती," आई म्हणाली. "ह्यायले पायऱ्या मोजण्यातून फुरसत कुठं?"

काकू हसल्या नाहीत. "उद्या सकाळी तिघंही या रोवाले. कॉलेजवालीबी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं काकूंच्या बांधीत वाकलो होतो. काकू धुऱ्यावर उभं राहून माझ्या ओळी वाकड्या म्हणून नावं ठेवत होत्या. तिथूनच त्यांनी मुर्रीला फोन लावला, स्पीकरवर. बहीण विचारत होती, पोरीला सैपाक येतो का.

"भात येते," काकू ओरडल्या. "बाकी तू शिकव!"

बाबा खाली मान घालून रोप लावत होते. ते हसत होते की नाही, मला दिसलं नाही. पण त्या दुपारी ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

मुर्रीच्या त्या खोलीत आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. संध्याकाळी मागच्या शेतातून धानाचा हिरवा वास आला की गाव फार आठवतं. चार दिवस फोन केला नाही की बाबा स्वतःच करतात, आणि पहिलंच वाक्य असतं, "काऊन फोन नाही? घोर लागून राहिला ना."

मला मात्र तेवढं सरळ बोलायला जमत नाही. परवा एक पेपर फार वाईट गेला. बाबांनी विचारलं तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणाले.

मग बाबा म्हणाले, "सांग ना, बाई."

मी सांगितलं.