डाव्या दाराची पट्टी

भिंगारच्या नेमबाजांनी आयुष्यात एकदाही बंदूक झाडली नव्हती. लष्कराच्या वर्कशॉपात पत्र्याचे काम करून ते निवृत्त झाले होते. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ते गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उकिडवे बसत, डावा डोळा मिटत आणि पुढच्या दिव्यापर्यंत नजर लावून बराच वेळ तसेच राहत. तेवढ्यावरून बाजाराने त्यांना हे नाव दिले. त्यांनी ते नाकारले नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडीच्या दारावर क्रोमची चकचकीत पट्टी लावण्याची हौस आमच्याकडे नव्याने आली होती. इतर मिस्त्री भोके पाडून स्क्रूने पट्टी आवळत. नेमबाज ती चिकटवत. "चांगल्या पत्र्याला भोक कशापायी पाडायचं? पावसाला वाट दावायला?" असे ते विचारत. सोड्याच्या पाण्याने धुऊन, पेट्रोलच्या फडक्याने पुसलेल्या दाराला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा एका टेम्पोमालकाने कौतुकाने दारावरून हात फिरवला. नेमबाजांनी सगळे दार पुन्हा पुसले.

"अहो, मी आत्ताच आंघोळ करून आलोय," मालक म्हणाला.

"तुमची झाली. दाराची मोडली."

दाराला आणि पट्टीला चिकटवायचे सोल्यूशन लावल्यावर ते हात बांधून थांबत. बोटाला चिकटेनासे झाले की मगच पट्टी दाबायची, हा त्यांचा नियम. ऊन चढून पत्रा तापला की काम बंद. "तापल्या पत्र्यावर सोल्यूशन नुसतं वरून सुकतं. आत धरत न्हाई," एवढे सांगून ते जेवायला जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लष्कराने लिलावात काढलेली एक पिकअप घेऊन भाजीपाल्याची वाहतूक करीत असे. घोडेगावच्या एका बैलांच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी माझे लग्न ठरत होते. मुलगी मी पाहिली होती आणि ती मनात भरली होती. तिच्या वडिलांनी मात्र निरोप पाठवला होता: "पोरगी गाडीच्या जिवावर द्यायची, तर गाडी बघूनच बोलू."

गाडी रंगवून घेतली. पट्ट्यांसाठी नेमबाजांना बोलावले. डाव्या दारावर तळहाताएवढे वेल्डिंगचे ठिगळ होते आणि ते रंगाखालूनही दिसत होते. पट्टी दोन बोटे खाली उतरवून ते झाकावे, असे मी सुचवले.

नेमबाजांनी पुढच्या चाकावरून मागपर्यंत खडूचे सूत मारले. सूत ठिगळाच्या वरून गेले. "पट्टी सुतावर बसंल," ते म्हणाले. "ठिगळ झाकायचं तर पडदा लावा, भाऊ."

उजवी पट्टी लावून होईतो ऊन तापले. डावी सकाळी लावतो, असे सांगून ते गेले. गाडी बघायला मुलीचे वडीलही सकाळीच यायचे होते. भर दुपारी मी स्वतः सोल्यूशन फासले आणि ठिगळ झाकेल अशी डावी पट्टी तिरकी दाबून बसवली.

सकाळी नेमबाज आले. गाडीमागे बसले, डोळा मिटला, उघडला. "लई घाई झाली का?" एवढेच म्हणाले. तोवर पाहुणे दारात होते.

त्यांनी बैल पाहावा तशी गाडी पाहिली. उजव्या दाराच्या पट्टीवरून पंजा फिरवला, मान हलवली. डाव्या बाजूला पंजा मध्येच थांबला.

"ही कुणी लावली?"

"मीच," नेमबाज म्हणाले.

"अन् त्या अंगाची?"

"तीबी मीच."

"एकाच हाताची? एक शिंग काशीला अन् एक रामेश्वराला?"

"वय झालं, पाव्हणं. नजर ऱ्हायली न्हाई."

अंगणात शेजारचे चौघे उभे होते. पोटासाठी नजरेवर विसंबलेल्या त्या माणसाने हे त्यांच्यादेखत सांगितले. मी गप्प राहिलो असतो तर ते खपून गेले असते. काही क्षण मी गप्प राहिलोही.

मग म्हणालो, "मामा, ही मी लावली आहे. खाली ठिगळ आहे."

पाहुण्यांनी पट्टीच्या टोकाला नख घातले. सगळी पट्टी त्यांच्या हातात आली. ठिगळावर बोटाने टकटक करून त्यांनी ते तपासले.

"पक्कं हाय की. मग झाकलं कशाला? बाजारात रोज शिंगं तासून, तेल चोपडून जनावरं आणत्यात. मी रोज इचारतो, काय लपवलंय. अजून एकानंबी सांगितलं न्हाई." ते थांबले. "तुमीबी जरा उशिराच सांगितलं."

"व्हय," मी म्हणालो.

"बरं. पोरीला इचारतो. ती व्हय म्हणली तर माझी ना न्हाई."

नेमबाजांनी दार धुतले, पुसले. सुताचे दुसरे टोक पाहुण्यांच्या हातात दिले. "जरा वर, पाव्हणं. आणखी थोडं. आता हलू नगा." घोडेगावच्या बाजारात ज्यांना कोणी हुकूम केला नसेल, ते श्वास रोखून सूत धरून उभे राहिले. ऊन चढण्याआधी पट्टी बसली. ठिगळ तिच्या खालच्या बाजूला उघडे राहिले. पंधरा दिवसांनी होकार आला.

दोन वर्षांनी नेमबाज अकोल्याकडे लेकीच्या गावी कायमचे राहायला गेले. सामान मीच पिकअपमधून पोचवले. वाटेत विचारले, त्या दिवशी खोटे का बोललात.

"पाव्हण्याला मी आंधळा वाटलो असतो, तर काय बिघडलं असतं? मला थोडंच त्यांच्या घरचा जावई व्हायचं हुतं."

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. पुढे माझ्या चार गाड्या झाल्या, हाताखाली माणसे आली. त्यांची चूक स्वतःच्या नावावर घेण्याचे प्रसंग अनेक आले. मला ते दोनदाच जमले.