मित्रासाठी विचारतोय

सुलोचना अक्का वाचकासमोर पुस्तक ठेवायच्या ते पालथं. नाव टेबलाकडे, कोरी पाठ वर. मग त्यावर दोन बोटांनी टकटक करायच्या आणि निघून जायच्या. पहिल्यांदा माझ्यासमोर असं पुस्तक आलं तेव्हा मला वाटलं, बाई चिडल्यात. मी घाबरून उभाच राहिलो.

तसा त्या दिवसांत मी सगळ्यालाच घाबरायचो. आटपाडीच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर, एम.एस्सी.साठी थेट बंगळूरला आलेला. आमच्या कॉलेजला लागून एक मोठं वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि त्याच्या ग्रंथालयात आम्हालाही बसता येई. तिथल्या संदर्भ विभागात अक्का होत्या. ज्याला जे शोधायचंय ते शोधून द्यायला मदत करणं, हे त्यांचं काम. माझ्या कार्डावरचं नाव वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"मराठी ना रे? कुठला?"

"आटपाडीचा."

"आमचे लोकही तिकडनंच कुठनं तरी आले म्हणतात. तीनशे वर्षं झाली, अजून कुणी परत बोलावलं नाही. बस की! उभा का?"

त्या शहरात कुणीतरी मला मराठीत 'बस' म्हणालं, याचंच मला रडू आलं होतं.

अक्का मागितलेलं पुस्तक कधीच लगेच द्यायच्या नाहीत. "माणूस पहिला प्रश्न खोटा विचारतो," असं त्या म्हणत. "खरा प्रश्न लाजरा असतो, तो मागनं येतो. स्वल्प थांबायचं." एखादा विद्यार्थी 'हृदयावरचं पुस्तक द्या' म्हणाला, की त्याला बसवून कशाला हवंय, कधीपर्यंत हवंय, आधी काय वाचलंस, असं हळूहळू विचारत. शेवटी निघायचं ते असं, की त्याची उद्या तोंडी परीक्षा आहे आणि त्याला फक्त एका झडपेबद्दल धास्ती आहे. मग त्या झडपेची चार पानं त्याच्यासमोर यायची. पालथी.

एकदा एका बड्या प्राध्यापकांनी माझ्यादेखत त्यांना विचारलं, "आत्ता गेलेल्या त्या बाईंनी काय नेलं?"

"पुस्तक नेलं, सर," अक्का म्हणाल्या.

"ते दिसलं मला. कसलं?"

"जाड होतं."

प्राध्यापक रागानं निघून गेले. अक्का माझ्याकडे वळल्या, "ऊट झालं का रे? नाही? मग जेव जा आधी."

दुसऱ्या वर्षी मेसमध्ये वाढताना उकळतं सारू, म्हणजे तिकडचं सार, माझ्या डाव्या हातावर सांडलं. समोरचा मुलगा ओरडला. मी नाही ओरडलो. मला काही कळलंच नाही. कोपराखाली एक फिकट चट्टा होता, कधीपासून ते आठवत नव्हतं. खोलीवर येऊन मी तिथं टाचणी टोचली. रक्ताचा थेंब आला, पण दुखलं नाही.

आमच्या गावी ओढ्यापलीकडे एक माणूस एकटा राहायचा. त्याच्या ताटात लोक लांबून भाकरी टाकत. आई म्हणायची, त्याला महारोग झालाय, तिकडं खेळायला जायचं नाही. टाचणी हातात धरून मी त्याच माणसाला पाहत होतो. घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. ही बातमी गावात गेली असती तर ते मोडलं असतं, आणि पुढं दुसरं ठरलंही नसतं.

दवाखान्यात जायचं म्हणजे कुणीतरी ओळखीचं पाहणार. म्हणून मी ग्रंथालयात गेलो. नव्या आवृत्त्या अक्कांच्या मागच्या कपाटात असत, त्या नाव घेऊन मागाव्या लागत. ते नाव माझ्या तोंडून निघेना. मी उघड्या मांडणीवरचं लाल पुठ्ठ्याचं जाड पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलो. त्यात फोटो होते. बोटं नसलेले हात होते. रुग्णाला कुटुंबापासून कायमचं दूर ठेवावं, असं लिहिलं होतं. मी ते रोज वाचू लागलो. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो. खोलीतल्या जोडीदाराच्या तांब्याला हात लावायचं सोडलं. शिक्षण सोडायचं, घरी जायचं नाही, कुठल्या तरी अनोळखी गावी निघून जायचं, असं मनाशी पक्कं केलं. बहिणीच्या लग्नासाठी निदान एवढं करता आलं असतं.

एका दुपारी शेजारची खुर्ची सरकली. अक्का होत्या. मी पुस्तकावर दोन्ही हात ठेवले.

"कुणासाठी वाचतोस?" आवाज अगदी हळू.

"मित्रासाठी."

"सरी, बरं." त्यांनी माझ्या हातांखालून पुस्तक ओढून घेतलं, फोटोंकडे बघितलंही नाही, सरळ पहिली पानं उलटून छापल्याचं साल काढलं. "अय्यो! हे तर माझ्या जन्माआधीचं. हे लिहिणारे डॉक्टरही गेले आणि त्यांची औषधंही गेली. मित्राला सांग, कुठल्याही पुस्तकाला घाबरायच्या आधी त्याचं साल बघायचं."

त्या उठल्या आणि मागच्या कपाटातलं नवं पुस्तक घेऊन आल्या. पालथं. आत दोन कागदाच्या पट्ट्या घातलेल्या. पहिल्या पट्टीशी लिहिलं होतं, की हा आजार गोळ्यांनी बरा होतो, घर सोडावं लागत नाही. मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. पण खाली हेही होतं, की उशीर झाला तर नसा जातात, आणि गेलेल्या नसा परत येत नाहीत.

"अक्का, मित्राला खरंच तेच असेल का?"

"ते मी नाही सांगणार. मी डॉक्टर नाही, आणि पुस्तकाला हात दिसत नाही. मित्राला दाखवायला जावं लागेल."

"तो फार घाबरलाय."

"घाबरू दे की. घाबरू नको असं मी कुणाला म्हणत नाही, त्यानं काही होत नाही. पण चालत चालत घाबरायला सांग."

त्वचारोगाचा विभाग कुठं, कोणत्या दाराने गेलं तर गर्दी लागत नाही, कोणत्या डॉक्टर हळू बोलतात, हे सगळं त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या दाराशी पोहोचलो आणि बाहेरच थांबलो. बाकावर अक्का वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मित्राबरोबर कुणी नसेल म्हणून आले. तू जा आत."

डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा बोळा फिरवला, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या. प्रत्येक वेळी विचारायच्या, "कळतंय?" काही वेळा मी खोटंच 'हो' म्हणालो, तेव्हा त्यांनी काही टेकवलेलंच नव्हतं. तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुला जे वाटतंय तेच आहे. पण वेळेत आलास. बोटं शाबूत राहतील."

पहिल्या गोळीनंतर लघवी लाल झाली. एरवी मी त्या दिवशीच गाडी पकडून पळालो असतो. पण अक्कांची दुसरी पट्टी त्याच ओळीशी होती: औषधानं असं होतं, घाबरू नये. पुस्तक तरी तसं म्हणत होतं. बाथरूमची कडी लावून मी भिंतीला टेकलो आणि ती ओळ मनात म्हणत राहिलो.

गोळ्या संपेपर्यंत भीती पूर्ण गेली नाही. रोज सकाळी मी बोटं उघडून-मिटून बघायचो. अक्का मात्र कधीही काही विचारत नसत. मी दिसलो, की "ऊट झालं का?" एवढंच. औषध संपलं, डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली, आणि मी धावत संदर्भ विभागात गेलो. तिथं चार जण उभे होते.

"अक्का," मी म्हणालो, "मित्र बरा झाला."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "सरी. मित्राला सांग, मला फार बरं वाटलं." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाला म्हणाल्या, "हां, तुला काय पाहिजे रे? बस."

बहिणीचं लग्न झालं. मला बंगळुरातच नोकरी लागली. अक्का निवृत्त झाल्या आणि त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. बातमी कळली तेव्हा मी बसवनगुडीत त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. त्यांची मुलगी दाराशी उभी होती, बावरलेली.

"क्षमा करा हं," ती म्हणाली, "मी कुणालाच ओळखत नाही. सकाळपासून माणसं येतात आणि रडतात. अम्मानं यातलं एकही नाव घरी कधी घेतलं नव्हतं. तुम्ही कसे ओळखता तिला?"

"लायब्ररीत भेटायच्या," मी म्हणालो.

मी आत जाऊन सतरंजीवर बसलो. शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मीही. लायब्ररीतच."

पुढं त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही.