उम्म अहमदच्या वजूचं गरम पाणी

जाफर परकार दाभोळच्या खाडीकाठचा. मुंबईच्या गोदीत आगबोटींवर वायरिंग करता करता त्याचा हात बसला, आणि छप्पन साली तो कुवेतला जाऊन पोचला. पोचल्या पोचल्या त्याने एक गोंधळ घातला. त्याला ठाऊक असलेली तार बोर्डापासून निघायची आणि शेवटच्या पॉइंटला जाऊन संपायची. इथे इंग्रजी पद्धत होती. तार बोर्डातून निघून, खोल्याखोल्यांतल्या सॉकेटांना शिवत पुन्हा बोर्डातच परत यायची. परतीची तार कुणीतरी चुकून ओढलीय असं जाफरला वाटलं. त्याने ती कापली, तिचं छान वेटोळं केलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने फोरमनपुढे नेऊन ठेवलं.

कमाल नावाचा तो पॅलेस्टिनी फोरमन हसून हसून खालीच बसला. मग त्याने वाळूत बोटाने गोल काढला. वीज दोन्ही अंगांनी येते म्हणून भार वाटला जातो, गोल तुटला की सगळा भार एकाच बाजूवर पडतो, आणि तार भिंतीच्या पोटात तापत राहते, हे त्याने जाफरला समजावलं. त्या दिवसापासून ही ‘रिंग’ जाफरच्या डोक्यात पक्की बसली.

पुढे त्याने स्वतःचं काम सुरू केलं. भिंतीला कायमची बसवायची यंत्रं, म्हणजे स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा, छोटा पाणी तापवायचा हीटर, यांत त्याची ख्याती झाली. अशा यंत्राला तो रिंगेतून एक फांदी काढी आणि मध्ये स्विच नि फ्यूज असलेली पेटी बसवी. पंख्याला बारका फ्यूज, हीटरला मोठा. एका पेटीवर एकच यंत्र. आंघोळीचा मोठा बंब किंवा विजेची चूल असेल तर तिला थेट बोर्डातून वेगळी तार. यात तो कुणाचं काही ऐकत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, जाफर शांतपणे चहा मागवायचा आणि आपल्याच पद्धतीने काम करायचा.

चौसष्ट साली त्याची बायको कुबरा गावाहून आली, आणि त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात कुवेतच्या रुमैथिया या नव्या वस्तीत अहमद नावाच्या व्यापाऱ्याच्या नव्या घराचं काम निघालं. अहमदची आई, उम्म अहमद, जुन्या शहरातल्या मातीच्या घरात जन्म काढलेली. जानेवारीत पहाटेचं पाणी बर्फासारखं लागे. म्हणून मुलाने तिच्या वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, नळावर जाफरकडून खास छोटा हीटर बसवून घेतला होता. पण बाई त्याला हात लावायला तयार नव्हती. पाणी आणि वीज एका नळातून येतात, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. रॉकेलच्या स्टोव्हवर केटली ठेवून ती आपलं भागवत होती.

जाफरने तिला फ्यूज दाखवला, पेटी उघडून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझी बायको या पाण्याने वजू करील?”

“करील की, खाला.”

“मग तिला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबरा आली. दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सलाम, खजूर आणि हसणं यावर त्यांचं उत्तम चाललं. कुबरा हीटरपुढे उभी राहिली. तिनेही असलं यंत्र कधी वापरलं नव्हतं. बाह्या वर सारता सारता ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “अवो, तुमी आज परत बघितलाव काय? का काल-परवाचाच सांगताव?”

जाफरने भिंतीकडे पाहिलं. तपासणी त्याने गेल्या आठवड्यात केली होती. त्यानंतर नळवाले येऊन गेले होते. त्यांनी हीटर हातभर सरकवला होता, हे त्याला आत्ता, भिंतीवरचं ताजं प्लास्टर पाहताना लक्षात आलं. त्याने कुबराला मागे व्हायला सांगितलं, मेन बंद केला आणि हीटरचं झाकण काढलं. अर्थिंगची तार स्क्रूतून निसटून नुसती लोंबत होती. हीटर चालला असता, पाणीही तापलं असतं. पण आत कुठे वीज पत्र्याला लागली असती, तर फ्यूज उडाला नसता आणि नळाला हात लावणाऱ्याला झटका बसला असता.

क्षणभर त्याला वाटलं, गुपचूप स्क्रू आवळून टाकावा. पण म्हातारी त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

“खाला, तार सुटलेली होती,” तो म्हणाला. “तुम्ही घाबरत होता ते आज बरोबरच होतं.”

त्याने तार नव्याने घट्ट बसवली. बॅटरी आणि घंटी लावून हीटरपासून बोर्डापर्यंत अर्थिंग सलग आहे का ते पाहिलं, मग बोर्डाजवळ सगळी रिंग दोन्ही टोकांकडून तपासली. घंटी वाजली की उम्म अहमद मान डोलवी. शेवटी मेन चालू करून जाफरने सगळ्यांच्या आधी स्वतः वजू केला. मग कुबराने. मग म्हातारीने शेजारी उभ्या मुलाचा आधाराला पुढे आलेला हात बाजूला सारला, नळाखाली बोटं धरली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

“अहमद, इतकी वर्षं मी थंडीत उगाच कुडकुडले,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिने दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. मच्छी-भात होता. कुबराला तो आवडला, फक्त मिरची कमी वाटली. पुढल्या वेळी ती घरचा मसाला बांधून घेऊन गेली आणि हळूहळू मोडकी अरबी शिकली. उम्म अहमदने गल्लीतल्या सगळ्या घरांत सांगितलं, की हा माणूस खोटं बोलत नाही. त्या हिवाळ्यात जाफरला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

बायामाणसं मात्र काम ठरवताना एक अट घालू लागली. काम संपल्यावर कुबराने येऊन बघायचं. तीही हौसेने जायची, कमरेवर हात ठेवून नवऱ्यापुढे उभी राहायची आणि म्हणायची, “झाकण उघडा बघू.” जाफर कुरकुरत पेचकस काढायचा आणि झाकण उघडायचा.