चिंबोऱ्या पकडायला गेलेली माणसं

“मग व्हिसाच्या रांगेत कशाला उभं राहायचं? पळस्प्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे ओहोटी लागली की चालायला लागायचं. संध्याकाळी अमेरिका!”

गणिताच्या सरांचा आवाज स्टाफरूममधून जिन्यापर्यंत येत होता. त्यामागून तीन-चार जणींचं हसणं. मी शेवटच्या पायरीवर होते आणि माझ्या मागे, पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा हनुवटीपर्यंत धरून, एक मुलगी होती. सर ज्या उत्तरावर बोलत होते ते तिचं होतं.

“दे इकडे,” मी म्हटलं. तिने गठ्ठा माझ्या हातात दिला, वरची वही तिरकी झाली होती ती सरळ केली आणि वर्गाकडे गेली. तिला काय कळलं, काय नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. मला मात्र एक गोष्ट माहीत होती. तो पेपर स्टाफरूममध्ये नेला होता तो मी.

नवीन पनवेलच्या त्या शाळेत माझं पहिलं वर्ष होतं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत अशी शाळा. मी स्वतः बालवाडीपासून पदवीपर्यंत इंग्रजीत शिकलेली. मराठी मी घरी बोलते, पण ‘हिमयुग’ हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तो या वर्गात, आणि तोही आदल्या दिवशी आईसमोर दोनदा म्हणून बघितल्यावर. स्टाफरूममध्ये मी तीन महिन्यांत ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘झाला का डबा?’ याच्या पलीकडे फारसं गेले नव्हते. बोलायचं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

त्या दिवशी मी चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न होता : आशियातला माणूस अमेरिकेत कसा पोहोचला? गुण चार. मी वर्गात शिकवलं होतं ते असं, की फार पूर्वी पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं, समुद्र खाली गेला, दोन खंडांच्या मधली जमीन उघडी पडली आणि शिकारी माणसं तिच्यावरून पलीकडे गेली. तिने लिहिलं होतं :

‘ओहोटी लागली होती. मग माणसं चालत गेली. त्यांना माहीत नव्हतं की ही अमेरिका आहे. ती चिंबोऱ्या पकडायला गेली असतील. मग भरती आली आणि ती तिकडेच राहिली.’

खेकडे पकडायला गेलेली माणसं! मी त्यावर आडवी फुली मारली. मग शेजारच्या बाईंना ते वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की पेपर माझ्या हातून घेऊन त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवला. कोणी म्हणालं, “अगं, तुझ्याकडे भारी नमुने आहेत की!” कोणीतरी माझ्यापुढे चिवड्याचा डबा सरकवला. मला ते आवडलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आवडलं. सर नंतर आले, आणि मी वह्या आणायला वर्गात गेले तेव्हा त्यांनी ते उत्तर पुढे नेलं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाटले. ती टेबलापाशी आली.

“टीचर, ह्ये चुकलं काय?”

“ओहोटी चंद्रामुळे येते ना बाळा. रोज येते. हे बर्फामुळे झालं.”

“पन पानी गेलं ना?”

“गेलं.”

“जमीन उघडी पडली ना?”

“हो.”

“मंग?”

ती खाडीच्या बाजूच्या गावातून शाळेच्या व्हॅनने येते. सेक्टरमधल्या मुलांना ओहोटी पुस्तकात भेटते. तिची आजी ओहोटी बघून घरातून निघते, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, “ते वेगळं असतं.”

“परत कवा आलं पानी?”

“खूप हजार वर्षांनी.”

तिने जरा विचार केला. “मंग लय मोठी ओहोटी.”

आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “ए ओहोटी, बस ना खाली!” वर्ग हसला. आमच्या वर्गात एका बाईंचा मुलगा आहे. स्टाफरूममधली गोष्ट घरी गेली होती आणि घरून वर्गात आली होती. ती सगळ्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

त्या दिवसापासून तिचं नाव ओहोटी पडलं.

घरी जाऊन मी मोबाइलवर वाचत बसले. मला एकदा खात्री करून घ्यायची होती की ती चुकली आहे. समुद्र खाली गेला होता, ते माझंच बरोबर. पण मधल्या जमिनीवरून लोक सरळ पलीकडे गेले नसावेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले असावेत, असंही एकीकडे लिहिलेलं होतं. दुसरीकडे तर म्हटलं होतं की काही लोक किनाऱ्याकिनाऱ्याने, मासे आणि शिंपले खात गेले असावेत. मी ते दोनदा वाचलं. मासे-शिंपले म्हणजे चिंबोऱ्याही आल्याच की. मग माझे शिकारी कुठे गेले? जे मी ठामपणे फळ्यावर लिहिलं होतं ते तिथे ‘असावं’ आणि ‘बहुधा’ होतं. मी आईला विचारलं, “ओहोटी म्हणजे नेमकं काय गं?” ती कणीक मळत होती. “पाणी मागे जातं ती. तू शिकवतेस ना?” म्हणाली.

फुलीचं काय करायचं, ते ठरेना. दोन गुण द्यावेत, की अडीच? की ओहोटी चूक आणि बाकी बरोबर? बाकी कुठून सुरू होतं?

शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं. आमच्या वर्गाकडे ‘माणूस पृथ्वीवर कसा पसरला’ हा विषय होता. थर्मोकोलचं मॉडेल : एकीकडे आशिया, एकीकडे अमेरिका, मध्ये मातीच्या रंगाची जमीन. माहिती सांगायला मी आधीच तिला निवडलेलं होतं, कारण वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची. बुधवारी आम्ही दोघी मधल्या जमिनीला रंग देत होतो. तिने एक कड पुरी केली. मग एकदम म्हणाली,

“टीचर, तुमी हितल्याच काय?”

“हो. जन्म इथलाच.”

“त्याच्या आदी?”

“बाबा सांगलीचे. फ्लॅटसाठी फॉर्म भरला होता बेलापूरचा, सोडतीत नंबर लागला पनवेलला.”

“म्हंजे त्यांना म्हाईत नवतं, हितं यायचंय ते.”

“नव्हतं.”

ती रंगवत राहिली. मला वाटलं, आता सगळं ठीक आहे. ब्रश धुताना ती खाली बघून म्हणाली, “माहिती दुसऱ्या कोनाला सांगू द्या. मी नाय उभी ऱ्हानार. आई पन येनार हाय. तिच्यासमोर ओहोटी म्हनतील.”

मी म्हणायला हवं होतं की कोणी म्हणणार नाही. पण ते मला माहीत नव्हतं. मी “बघू” म्हटलं.

सुपरवायझर मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. “बरंच झालं. ती हुशार आहे गं, पण बोलणं जरा गावाकडचं आहे. पालक येतात, ट्रस्टी येतात. तो पहिल्या बाकावरचा घे, त्याचे उच्चार स्वच्छ आहेत.” मी मान हलवली. माझी मान लवकर हलते.

मी त्या मुलासाठी बारा ओळी लिहून दिल्या. एका संध्याकाळीत त्याने पाठ केल्या. शुक्रवारी शेवटच्या तासाला मॅडम तालीम बघायला आल्या. मुलं मॉडेलभोवती गोल उभी होती, ती खिडकीपाशी, सगळ्यांच्या मागे. त्याने हात मागे बांधले आणि सुरुवात केली. हिमयुग, समुद्र, उघडी पडलेली जमीन. आवाज खणखणीत. मग तो म्हणाला, “तेव्हा धाडसी आदिमानवांनी ठरवलं, चला, आपण अमेरिका नावाचा नवा खंड शोधू या!”

“व्हेरी गुड,” मॅडम म्हणाल्या. “हे वाक्य आणखी जोरात म्हण.”

तो जोरात म्हणाला.

मी ते वाक्य ऐकत होते आणि मला कळत नव्हतं की ते मी कधी लिहिलं. लिहिलं होतं मीच, माझ्याच अक्षरात त्याला दिलेल्या कागदावर होतं. अमेरिका हे नाव तेव्हा कुणी ठेवलेलं नव्हतं. आपण कुठल्या खंडावर आहोत, खंड म्हणजे काय, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हे पूर्ण वर्गात एकीनेच लिहिलं होतं, आणि माझी फुली त्या ओळीवरूनसुद्धा गेली होती. या वाक्यावर मात्र कोणी हसलं नाही. मुलं नाहीत, मॅडम नाहीत, काल कागद वाचून बघताना मीही नाही.

अजूनही मला सांगता येणार नाही की ओहोटी हे उत्तर बरोबर होतं. बहुधा नव्हतं. पण मॅडम वहीत टिकमार्क करत होत्या, घंटा व्हायला थोडाच वेळ होता, आणि ती खिडकीबाहेर उभ्या व्हॅनकडे बघत होती. उद्या ती त्याच खिडकीपाशी उभी राहील आणि तिच्या आईला वाटेल, आपल्या मुलीला काही येत नाही.

“ठीक आहे मग,” मॅडम म्हणाल्या. “कोणाला काही विचारायचंय?”

मुलांना विचारलं होतं. हात मी वर केला. काही मुलं हसली, कारण टीचर हात वर करत नाहीत. वाक्य मनात तयार नव्हतं.

“मॅडम, ते जोरात म्हटलेलं वाक्य चूक आहे, ते मी लिहिलंय. त्या माणसांना माहीत नव्हतं कुठे चाललोत ते. हे हिने पेपरात लिहिलं होतं, आणि तो पेपर मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला, सगळ्यांनी हसावं म्हणून.” मग मी खिडकीकडे वळले. “तुला ते नाव माझ्यामुळे पडलं. उद्या तू सांगशील का? तू बोलतेस तसंच सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहीन.”